स्पेनचा किनारा पायी, सायकलवर आणि कॅम्परमधून: आठ आठवड्यांत किती आणि कसा?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही दोघं पन्नाशीतले, नाशिकचे. सह्याद्रीत भरपूर फिरलेले, राजगड-तोरणा झालेलं, रविवारी सायकलवर साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात. हाताशी आठ आठवडे आहेत. बेत असा की कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायची, मागे दोन सायकली लावायच्या आणि फ्रान्सच्या हद्दीपासून निघून स्पेनचा अख्खा किनारा निवांत करायचा. छान वाटेल तिथे चालायचं, सपाट असेल तिथे सायकल काढायची, रात्री समुद्राजवळ गाडी लावून झोपायचं. वहिनी शाकाहारी, अंडं चालतं. रूट कसा आखावा आणि एप्रिल-मे बरा की सप्टेंबर-ऑक्टोबर, हे तुम्ही विचारलंय.

रूटकडे येतोच, पण तिथून सुरुवात करत नाही. मी व्हॅलेन्सियाजवळ राहतो. लहान गटांना किनाऱ्याने पायी आणि सायकलवर नेणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्यात भारतातून येणारी मंडळी बरीच असतात. त्यांच्या बेतांत बहुतेकदा एकच प्रश्न सुटलेला दिसतो: दिवसभर चालून झाल्यावर गाडीपाशी परत कसं यायचं? राजगड-तोरणा केलेल्या माणसाला हे समजावायला नको. गुंजवण्यात गाडी लावून वेल्ह्यात उतरलात की संध्याकाळी एसटीची किंवा जीपची शोधाशोध आलीच. इथे तेच रोज होणार. किनाऱ्यावरची वाट सरळ पुढे जाते, गोल फिरून मागे येत नाही. आल्या वाटेने परतायचं तर अंतर दुप्पट होतं आणि महिनाभरात दोघंही कंटाळता. म्हणून मी किनाऱ्याचा तुकडा निवडतो तो देखाव्यावरून नाही, परतीच्या सोयीवरून. शेजारून रेल्वे जाते का? बस आहे का? नाहीतर शेवटाला आधीच कुलूप लावून ठेवलेल्या सायकलवर बसून मागच्या रस्त्याने गाडीपर्यंत येता येईल का? यांतलं एक जरी जमत असेल तर तो तुकडा घ्यायचा, नाहीतर कितीही सुंदर असो, पुढे जायचं.

एवढं मान्य केलं की ‘अख्खा किनारा’ आपोआप गळतो, आणि गळू द्या. बेटं धरली तर स्पेनचा किनारा जवळपास ८,००० किलोमीटर भरतो. आठ आठवड्यांत तो ‘करायचा’ म्हणजे रोज स्टिअरिंगवर बसणं आलं. शिवाय त्यातला बराच भाग हळू बघण्यासारखा नाही. मालागापासून पश्चिमेला एस्तेपोनापर्यंतची कोस्ता देल सोल जवळजवळ सलग बांधकाम आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या बेनिदोर्म शहराच्या टॉवर्सचीही आवड असणारे लोक आहेत, पण सायकलवरून ते बघायला नाशिकहून यायची गरज नाही.

गाडी आठही आठवडे ठेवू नका

हे ऐकायला आवडणार नाही, पण माझा पहिला सल्ला हाच. कॅम्परचं भाडं एप्रिल-मेमध्ये गाडीच्या आकाराप्रमाणे दिवसाला साधारण ८० ते १५० युरोंच्या घरात असतं. तुम्ही चालत असता तेव्हा ती गाडी उभ्या उभ्या पैसे खाते. उत्तर किनाऱ्यावर चालणाऱ्यांसाठी शेकडो वर्षं जुनी यात्रेची वाट आहे, तिच्यावर मुक्कामाला आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंच्या साध्या धर्मशाळा आहेत आणि लगत रेल्वे आहे. तिथे गाडी म्हणजे ओझं. दक्षिणेत आणि पूर्वेला काही ठिकाणी मात्र गाडीशिवाय पानही हलत नाही. त्यामुळे पहिले चार आठवडे गाडी आणि पुढचे चार पाठीवरची सॅक, असा माझा हिशेब आहे. तुमचे गुडघे आणि खिसा बघून तो पाच-तीन करा, पण आठ-शून्य नको.

गाडी घेताना मोठा मोटरहोम घेऊ नका. सहा मीटरपर्यंतची व्हॅन दोघांना पुरते, जुन्या गावांच्या गल्ल्यांत अडकत नाही. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटर उंचीवर आडवा बार असतो, त्यामुळे उंची आधी विचारून घ्या. तुमच्या भारतीय लायसन्ससोबत आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट लागेल. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला आपलं चारचाकीचं लायसन्स चालतं. सायकली मागच्या रॅकवर असतील तर लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची चौकोनी पाटी लावणं बंधनकारक आहे, ती गाडीसोबत मागून घ्या. १ जानेवारी २०२६ पासून बिघाडाच्या वेळी त्रिकोणाऐवजी टपावर ठेवायचा व्ही-१६ दिवा लागतो, तोही आहे ना ते बघा. गाडी ताब्यात घेताना बाहेरून-आतून मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, हे सांगायला नकोच.

रात्री समुद्राजवळ गाडी लावून झोपणं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबतो.

स्पेनच्या वाहतूक खात्याच्या दृष्टीने कॅम्पर हे इतर गाड्यांसारखंच वाहन आहे. जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे ते उभं राहू शकतं आणि आत माणूस झोपलाय की पुस्तक वाचतोय, याच्याशी वाहतूक पोलिसांना देणंघेणं नसतं. अट एवढीच की गाडीने स्वतःच्या चाकांच्या जागेपलीकडे काही व्यापायचं नाही. खुर्ची बाहेर काढली, बाजूला सावलीचं छत पसरलं, सांडपाण्याचा थेंब खाली पडला, की ते पार्किंग राहत नाही, तो तळ होतो. परवान्याच्या जागेबाहेर तळ ठोकला की दंड. हे झालं साधारण तत्त्व. त्यावर प्रत्येक नगरपालिकेचे स्वतःचे नियम असतात आणि किनाऱ्यावरच्या नगरपालिका, विशेषतः उन्हाळ्यात, कडक असतात. शिवाय १९८८ चा किनारा कायदा पुळणीवर आणि समुद्राच्या सार्वजनिक पट्ट्यात गाडी लावायलाच मनाई करतो. नैसर्गिक उद्यानांत तर रात्रीची गस्त असते. तेव्हा इन्स्टाग्रामवर दिसतं तसं मागचं दार उघडून थेट लाटा बघत जागं होणं, हे बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे.

यावर उपाय दोन. एक म्हणजे कॅम्परसाठी राखलेल्या जागा: पाणी भरायचं, सांडपाणी आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची, झोपायचं. काही नगरपालिकांच्या फुकट असतात, खासगी असतील तर रात्रीचे साधारण १० ते १५ युरो. दुसरा म्हणजे रीतसर कॅम्पसाइट: दोघं, गाडी आणि वीज मिळून मोसमाबाहेर २५-३० युरोंच्या आसपास, गरम पाण्याची अंघोळ आणि कपडे धुवायचं यंत्र त्यातच. मोसमाबाहेर सवलत देणारं वार्षिक कार्डही मिळतं, चार आठवड्यांत त्याची किंमत सहज वसूल होते. माझी पद्धत अशी: चार-पाच रात्री एकाच कॅम्पसाइटवर, मग एका जागेवरून दुसरीकडे जाताना मध्ये एखादी रात्र कॅम्परच्या राखीव जागेत. गाडी हे घर समजा. ते रोज हलवलंत तर सकाळचे दोन तास आवराआवरीतच जातात.

प्रत्येक मुक्कामी पासपोर्टची नोंद होते आणि तपशील पूर्वीपेक्षा जास्त विचारतात. २०२४ च्या डिसेंबरपासून तसा नियम आहे, त्यामुळे कोणी घरचा पत्ता किंवा फोन विचारला तर दचकू नका. बार्सिलोना ते फ्रेंच हद्द या महामार्गावरच्या विश्रांतीच्या थांब्यांवर मात्र रात्री झोपू नका. तिथे चोऱ्या होतात. कोणी ‘तुमचा टायर बसलाय’ असा इशारा केला तर लगेच उतरून गाडी उघडी टाकू नका.

कधी यायचं

तुमच्या दोन पर्यायांत मी एप्रिलचा शेवट ते जूनचा शेवट घेईन. दक्षिणेकडून सुरू करायचं आणि ऊन वाढेल तसं उत्तरेला सरकायचं. आल्मेरियात वर्षाला जेमतेम २०० मिलीमीटर पाऊस पडतो, सान सेबास्तियानला दीड हजाराच्या वर. एकाच देशाचे हे दोन किनारे आहेत, आणि उत्तरेकडचा पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत आटोपत नाही, वर्षभर भुरभुरत असतो. जूनमध्ये तो त्यातल्या त्यात सुसह्य असतो. दक्षिणेत जूनमध्ये दुपारी चालणं म्हणजे शिक्षा. ईस्टरचा आठवडा टाळा. तेव्हा सगळा स्पेन रस्त्यावर असतो आणि कॅम्पसाइटचे दर ऑगस्टसारखे होतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर वाईट नाही. समुद्र तेव्हाही उबदार असतो. पण भूमध्य समुद्राच्या बाजूला शरद ऋतूत अचानक, भयंकर जोराचा पाऊस होतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया प्रांतात २२० पेक्षा जास्त माणसं त्यात गेली. जिथे माणसं बुडाली त्यांतल्या काही गावांत त्या दिवशी पाऊस फारसा पडलाच नव्हता, पाणी वरून आलं. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, एका नेमक्या सवयीसाठी सांगतोय. या किनाऱ्यावर ‘रांब्ला’ म्हणजे कोरडे ओढे जागोजागी आहेत. रुंद, सपाट, झाडांची सावली असलेले. कॅम्परवाल्याला ती आयती पार्किंगची जागा वाटते. तिथे रात्र काढायची नाही, आभाळ कितीही निळं असो. १९९६ च्या ऑगस्टमध्ये पिरेनीजमधल्या बिएस्कास इथे रीतसर परवाना असलेल्या कॅम्पसाइटवर ओढ्याचं पाणी येऊन ८७ माणसं मेली. त्यामुळे परवाना आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका, जागा नकाशावर बघा. हवामान खात्याच्या इशाऱ्यात नारिंगी रंग दिसला की मी गट हलवत नाही, आणि लाल दिसला की उंचावर जातो.

आता तुकडे

गाडी व्हॅलेन्सियात घ्या आणि सरळ काबो दे गाताला जा, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मी शेजारी राहतो म्हणून व्हॅलेन्सिया म्हणतोय असं नाही. गाडीने करायच्या तीन तुकड्यांना (काबो दे गाता, एब्रोचा डेल्टा, कोस्ता ब्रावा) तेच मध्यावर पडतं. काबो दे गाता हा आल्मेरियाचा ज्वालामुखीच्या खडकाचा, जवळजवळ वाळवंटी कोपरा. १९८७ पासून नैसर्गिक उद्यान आहे, म्हणून इथे हॉटेलांची भिंत उभी राहिली नाही. सान होसेहून हेनोवेसेसच्या पुळणीवरून मोन्सुलपर्यंत, लास नेग्रासहून सान पेद्रोच्या खाडीपर्यंत आणि तिथून पुढे आग्वा आमार्गापर्यंत, असे चालायचे तुकडे आहेत. सावली नाही, वाटेत पाणी नाही, सकाळी सातला निघायचं. परतीचं काय? रेल्वे नाही, बस तुरळक. इथे सायकल कामाला येते: शेवटच्या गावात कुलूप लावून ठेवायची, चालत तिथे पोचायचं आणि मागच्या डांबरी रस्त्याने एकाने गाडीपर्यंत जाऊन गाडी घेऊन यायची. दुसऱ्याने तोवर बसून काहीतरी थंड प्यायचं. कोणी कुठलं काम करायचं ते घरातून ठरवून या. उद्यानाच्या हद्दीत कॅम्पसाइटबाहेर गाडीत झोपायला मनाई आहे आणि दंड खरोखर होतो. आल्मेरियाच्या पश्चिमेला गेलात तर मैलोन्‌मैल पांढरं प्लास्टिक दिसेल. ती हरितगृहं. युरोपच्या हिवाळ्यातले टोमॅटो आणि ढोबळी मिरची तिथून जाते. नाशिकच्या माणसाने एक दुपार तिथे घालवावी असं मला वाटतं, पण तो पर्यटनाचा भाग नाही.

तिथून परत वर, व्हॅलेन्सिया आणि बार्सिलोनाच्या मधल्या एब्रो नदीच्या डेल्टाला. हा पूर्ण सायकलचा तुकडा. सुमारे ३२० चौरस किलोमीटरचा सपाट त्रिकोण आणि त्यातला बहुतेक भाग भातखाचरं. वसंतात पाटाचं पाणी सोडतात आणि मेमध्ये अख्खा डेल्टा आरशासारखा चमकतो. फ्लेमिंगो असतात, बगळे असतात. कोकणात लावणी बघितलेल्या माणसाला इथे यंत्राने चाललेला भात बघून गंमत वाटते. गाडी डेल्टाच्या आत कॅम्पसाइटवर लावा आणि चार-पाच दिवस तिला हात लावू नका. चढ नाही म्हणून हे सोपं असं समजू नका. वायव्येकडून वारा सुटला की ताशी दहाच्या वेगाने जाताना दम निघतो. म्हणून सकाळी वाऱ्याच्या तोंडावर निघा आणि परत येताना त्याला पाठीवर घ्या, उलटं नको. ट्राबुकादोर नावाची दोन्ही बाजूंनी पाणी असलेली वाळूची पट्टी आहे. ‘ग्लोरिया’ वादळाने २०२० च्या जानेवारीत ती तोडली होती, नंतर दुरुस्त केली. सायकलवरून ती बघा. डास भरपूर, ओडोमॉस घेऊन या.

डेल्टातून एक दिवस आत जायचा मोह होऊ द्या. बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांची जागा सायकल-वाटेत बदलायची योजना स्पेनमध्ये १९९३ पासून चालू आहे आणि तिला हिरव्या वाटा म्हणतात. तेर्रा आल्ताच्या डोंगरांतून तोर्तोसाला उतरणारी वाट त्यांतली माझी आवडती: बोगद्यामागून बोगदा आणि जवळजवळ सगळा उतार. वरपर्यंत सायकली पोचवणाऱ्या गाड्या मिळतात. दिवा पाहिजेच, सगळ्या बोगद्यांत उजेड नसतो.

गाडीचा शेवटचा तुकडा कोस्ता ब्रावा, म्हणजे बार्सिलोनाच्या उत्तरेला फ्रेंच हद्दीपर्यंतचा किनारा. इथे जुनी पहाऱ्याची वाट आहे, कामी दे रोंदा. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला शिपाई ज्या वाटेने फिरत, तीच आता चालणाऱ्यांची झाली. लांब पल्ल्याची जीआर ९२ ही वाट पुष्कळ ठिकाणी तिच्यावरूनच जाते, खुणा लाल-पांढऱ्या. आणि घराघरांच्या कुंपणाखालून तुम्ही चालत असता तेव्हा कोणी हटकत नाही, कारण तोच १९८८ चा कायदा: समुद्राच्या हद्दीपासून आत ६ मीटरचा पट्टा पायी जाणाऱ्यांसाठी मोकळा ठेवायचा, अवघड जागी तो २० मीटरपर्यंत वाढवता येतो. प्रत्यक्षात कडे आणि जुनी बांधकामं आहेत, त्यामुळे वाट मधूनच आत वळते. पण किनारा कुणा एकाचा नाही हे तत्त्व तुम्हाला पायांखाली जाणवतं.

कालेया दे पालाफ्रुजेलपासून याफ्रांक, दीपगृह आणि तामारिउ हा पहिला दिवस करा. पुढे बेगुरच्या खाड्या. नकाशावर १२ किलोमीटर दिसतात म्हणून हसू नका, शंभर पायऱ्या चढायच्या आणि शंभर उतरायच्या असं दिवसभर चालतं. इथे मी तासाला तीन किलोमीटर धरतो. आडगावांना बस असते पण वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, थांब्यावरचा कागद वाचा. ब्लानेसपासून यान्सापर्यंत किनाऱ्याला रेल्वे नाही. यान्सापासून पोर्तबोउपर्यंत मात्र आहे, म्हणून अगदी उत्तरेचा तो तुकडा, यान्सा-कोलेरा-पोर्तबोउ, परतीच्या हिशेबाने उत्तम: गाडी यान्साला, चालत हद्दीच्या गावापर्यंत, ट्रेनने मागे. फक्त त्रामुन्ताना नावाचा उत्तरेचा वारा सुटला असेल तर कड्यावरून चालू नका. तो माणसाला ढकलतो, शब्दशः. तेव्हा सायकली काढा आणि सान फेलिउ ते जिरोना ही सुमारे ४० किलोमीटरची जुन्या अरुंद रेल्वेवरची हिरवी वाट धरा, आतल्या भागात आडोसा असतो. जिरोनात एक रात्र लॉजवर राहून दुसऱ्या दिवशी परत.

सायकलचे नियम इथेच सांगतो. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. गाडीने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि इथले चालक ते बहुतांशी पाळतात, आपल्याला सुरुवातीला विश्वास बसत नाही. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. भारतातून सायकली आणायच्या का, हा तुमचा उपप्रश्न. फक्त डेल्टा आणि हिरव्या वाटा करायच्या असतील तर तिथेच दिवसावर भाड्याने घ्या, विमानातली खोकी वाचतील. गाडी-सायकल-पायी अशी वर सांगितलेली अदलाबदल करायची असेल तर चार आठवड्यांसाठी साध्या दोन सायकली गाडीसोबतच घ्या. महागड्या नकोत, त्या एकट्याच उभ्या राहणार आहेत.

गाडी सोडल्यावर

गाडी बार्सिलोनात परत करा. दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा पैसे घेतात, ते आधी विचारा. व्हॅलेन्सियाला परत नेऊन देण्यापेक्षा ते परवडतं का बघा. जाता जाता एक गंमत: बार्सिलोनाहून मातारोला जाणारी लोकल अक्षरशः पुळणीच्या कडेने धावते. ही स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातली पहिली रेल्वे, १८४८ ची, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या ५ वर्षं आधीची.

बार्सिलोनाहून थेट ट्रेनने सान सेबास्तियान गाठा. तिथून पश्चिमेला कामिनो देल नोर्ते ही सांतियागो या तीर्थाकडे जाणारी उत्तरेकडची यात्रावाट जाते. पण तिच्याबद्दल एक गैरसमज असतो. ती सगळीकडे समुद्रालगत नाही. देबानंतर ती आत वळते आणि गेर्निकावरून बिल्बाओला जाते, रिबादेओनंतर तर समुद्र सोडूनच देते. त्यामुळे तुम्ही यात्रेकरूसारखं सलग चालू नका. किनाऱ्याचे दिवस चाला आणि मधले पट्टे रेल्वेने ओलांडा. इथली किनारी रेल्वे मीटर गेजची आहे, संथ, प्रत्येक गवताच्या काडीपाशी थांबणारी. परतीचा प्रश्न ती सोडवते.

सगळ्यात आधी सुमाया ते देबा. सुमारे १४ किलोमीटर, पण चढ-उतार असे की संध्याकाळी पाय बोलतात. परतीला देबाहून एउस्कोत्रेन या तिथल्या स्थानिक रेल्वेची गाडी तासाभराने मिळते. इथल्या कड्यांत गाळाच्या खडकाचे थर उभे राहिलेत, हजारो पानं कडेवर उभी केल्यासारखे. त्यांतला एक थर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, डायनोसॉर संपले त्या काळाचा. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट ज्या काळात लाव्हा होऊन पसरत होता, तोच हा काळ. म्हणजे राजगडाच्या बालेकिल्ल्याखालचा दगड आणि सुमायाच्या कड्यातला तो पट्टा भूशास्त्रात एकाच गोष्टीत येतात. माझ्या गटातले मराठी लोक इथे इतका वेळ थांबतात की मी ट्रेन एक तास पुढची धरतो.

पुढे सांतान्देरच्या आधी लारेदो-सान्तोन्या आणि सोमो-सांतान्देर असे दोन ठिकाणी खाडी होडीने ओलांडायची असते, कोकणातल्या तरीसारखी. मग अस्तुरियास प्रांत. यानेस ते रिबादेसेया हा माझ्या मते अख्ख्या स्पेनमधला चालायला सर्वांत सुंदर किनारा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पिकोस दे एउरोपाचे डोंगर, वाटेत खडकातल्या भोकांतून लाटांचं पाणी फुसकन वर उडतं, आणि रेल्वे बाजूलाच. गाड्या दिवसाला मोजक्याच, वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. या बाजूला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरवर जातो. भूमध्य समुद्रात तो जवळजवळ नसतो, त्यामुळे आधीचा महिना तिकडे काढलेला माणूस इथे गाफील असतो. पुळणीवरून पुढच्या पुळणीवर जायचं तर ओहोटीची वेळ बघूनच.

चालायचं नसेल त्या दिवशी सायकल भाड्याने घेऊन एन-६३४ हा जुना रस्ता धरा. शेजारी ए-८ महामार्ग झाल्यापासून त्यावरची रहदारी बरीच कमी झालीय. यात्रेची पायवाट सायकलसाठी नाही, निदान आपल्या वयात नाही.

वहिनींचं जेवण

गाडीचे चार आठवडे सोपे: गॅस आहे, छोटा कुकर आणा, शिजवलेल्या छोल्यांच्या काचेच्या बरण्या प्रत्येक दुकानात मिळतात. तांदूळ तर डेल्टातलाच घ्या. बाहेर खाताना अडचण अशी की भाजीतही हॅमचे तुकडे घालतात आणि त्यांना तो मांसाहार वाटत नाही. साध्या सॅलडवर टूना येतो. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ (मांस नको, हॅम नको, टूना नको) हे तिन्ही म्हणा, पहिलं एकटं पुरत नाही. बटाट्याचं जाड ऑम्लेट, टोमॅटो लावलेला पाव, भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिबादा, तळलेल्या हिरव्या मिरच्या, अंदालुसियात पालक-छोले, एवढ्यावर निभतं. दुपारचं ठरावीक जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. साताला भूक लागली तर स्वतःकडे काहीतरी हवं. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी भरून ठेवा.

कागदपत्रांचा क्रम

शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तुमचे ५६ त्यात बसतात. पण व्हिसावर किती दिवस छापलेत ते बघा, बरेचदा मागितले तेवढेच देतात. म्हणून अर्जात दोन-चार दिवस जास्तीचे मागा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटोवरून नोंद सुरू झालीय, त्यामुळे दिवसांची मोजणी आता यंत्र करतं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुक्कामाचे पुरावे मागतात आणि ‘गाडीत झोपू’ हे उत्तर चालत नाही. म्हणून आधी गाडीचं आणि काबो दे गाता, डेल्टा, कोस्ता ब्रावा इथल्या तीन कॅम्पसाइटचं रद्द करता येण्याजोगं बुकिंग करा, उत्तरेकडच्या चार-पाच शहरांतल्या खोल्यांचंही, आणि मग अर्ज भरा. विमानाचं तिकीट त्यानंतर. आरटीओचं परमिट वर्षभरच चालतं, त्यामुळे ते अगदी शेवटी काढलं तरी चालेल.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे: दोघंही गाडी चालवता का, आणि उताराने गुडघे दुखतात का. एकच चालवणारा असेल तर काबो दे गाता गाळा आणि त्याचे दिवस अस्तुरियासला द्या. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर सुमाया-देबा अर्धाच करा, डेल्टा वाढवा. हे कळवलंत तर दिवसांची मांडणी करून देतो.